लाल ठिपका वर

वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजाररस्त्याला हिरालालचं जनरल स्टोअर आहे. बांगड्या, टिकल्या, नेलपॉलिश, रबरी पायपुसणी, शाळेच्या बाटल्या, असा सगळा पसारा. माणूस सरळ, पण भित्रा! असला भित्रा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडायचा नाही. कुत्र्याला भिणार, विहिरीत वाकून बघायला भिणार, आभाळात कडाडलं की मोबाइल गादीखाली लपवणार. स्कूटीवर निघाला आणि मागून ट्रकचा हॉर्न आला, की हे महाराज गाडी सडकेखाली उतरवून उभे. ट्रक जाईल, धुरळा बसेल, मग स्वारी पुढे. मागे बसलेली मोहिनी, त्याची बायको, म्हणायची, "अवो, सडक मोठी हाय. त्याले पुरते, आपल्यालेही पुरते." पण ऐकेल तर शपथ.

एका गोष्टीला मात्र हा गडी कधी भ्यायचा नाही, आणि ती म्हणजे करंट. लहानपणी बापाचा रेडिओ उघडून बसायचा तेव्हापासूनची ती सवय. एखादा झटका बसला तर हात झटकून हसायचा. "चावला लेकाचा!" म्हणायचा, जसं काही घरचं मांजरच ओरबाडून गेलं.

मुलगी आकांक्षा अकरावीत गेली आणि तिने गिटार घेतली, तेव्हा बापाच्या हाताला खरं काम मिळालं. गिटारवाल्यांची एक डबी असते, पेडल म्हणतात तिला. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे, पायाशी ठेवायची. वरचं बटण पायाने दाबलं की तारेचा आवाज जाड होतो, फाटतो, नाहीतर देवळाच्या घंटेसारखा लांबत जातो. नागपूरच्या दुकानात ती डबी पाहून आल्यावर हिरालालला दोन रात्री झोप नाही. आत काय असेल? तिसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर पाहून पाहून, जुन्या टेपरेकॉर्डरचे पार्ट काढून, मोहिनीच्या स्टीलच्या डब्यात पहिलं पेडल जुळवलं. वाजलं! आकांक्षाने बटण दाबून एक तार छेडली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत तो आवाज असा काही फिरला, की हिरालालच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

मग काय, लागलं वेडच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वारी मागच्या खोलीत. वर्ध्या-आर्वीकडची ऑर्केस्ट्रावाली पोरं बिघडलेली पेडलं घेऊन यायला लागली. मोहिनीचे डबे एकेक करून घराबाहेर पडले. "माह्या जिऱ्याचा डबा कुठी हाय?" तिने एकदा विचारलं. "तो नागपुरात वाजून राह्यला," हिरालाल अभिमानाने म्हणाला. ती बिचारी जिरं प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवायला लागली.

घोळ झाला तो बॅटरीपायी. कॉलेजच्या गॅदरिंगमधे ऐन रंगात आकांक्षाच्या पेडलची बॅटरी संपली, आवाज मेला, पोरं हसली. पोरगी घरी येऊन जेवली नाही. हिरालालने दुसऱ्याच दिवशी डब्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि वायर काढून सरळ घरच्या बोर्डात जोडली. बॅटरीची कटकट संपली, पण दुसरी लागली. आवाजाच्या मागे सारखं घूं घूं व्हायला लागलं. खरं तर डबा अर्थिंगला जोडायचा असतो, पण घराची अर्थिंगची पट्टी कधीच गंजून गेली होती. हिरालालने विचार केला, येणाऱ्या दोन तारांपैकी एक करंटची, दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल शेवटी जमिनीतच जाते ना? मग लावून टाकू डबा तिलाच. लावला. घूं घूं एकदम बंद!

एवढंच बघायचं होतं, की पिन बोर्डात उलटी जाता कामा नये. उलटी गेली, तर करंटचीच तार डब्याला लागणार. त्यावर त्याने उपायही काढला. दुकानातलं लाल नेलपॉलिश घेतलं आणि पिनेच्या एका अंगाला ठिपका दिला. "हे पाहजो आकांक्षा, लाल ठिपका नेहमी वर. विसरजो नको." आकांक्षाने मान हलवली. झालं, हिरालालच्या मते विषय संपला.

त्याच सुमारास दुकानाच्या उंबऱ्यावरचं काळं रबरी पायपुसणं नाहीसं झालं. फुलाफुलांचं, एक कोपरा उंदराने कुरतडलेलं. हिरालालने चार दिवस शेजारच्या दुकानदाराकडे वाकड्या नजरेने पाहिलं, मग दुसरं टाकलं आणि विसरून गेला.

तो दिवस थंडीतला. आकांक्षा सकाळीच प्रभाकररावांच्या खंजेरी भजन मंडळाबरोबर जीपने रोहणा गावी गेली होती. तिकडे भजन स्पर्धा होती. खंजेरीबरोबर गिटार, आणि तीही मुलीच्या हातात, ही प्रभाकररावांची नवी कल्पना. म्हातारा हौशी फार. हिरालालने डबा स्वतः कापडात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला होता. दुपारी वर्ध्याच्या ऑर्केस्ट्रातल्या ऋतिकचा डबा तपासायला घेतला. तोही अगदी आकांक्षाच्या डब्यासारखाच बनवला होता, तीच जोडणी, तोच ठिपका. सकाळपासून मागच्या खांबावर काम चालू होतं म्हणून लाइट नव्हती. आत्ताच आली होती. हिरालालने ठिपका वर ठेवून पिन लावली आणि डब्याला हात लावला.

त्याला कुणी मारलं, का ढकललं, काही कळलंच नाही. तो स्टुलावरून मागे बांगड्यांच्या खोक्यांवर जाऊन पडला. हात खांद्यापर्यंत बधिर. पायात रबरी चप्पल होती, झिजलेली का होईना, म्हणून निभावलं. उठून त्याने पिन पाहिली. लाल ठिपका वर होता. चांगला वर. दुसऱ्या हाताने टेस्टर डब्याला टेकवला. दिवा लखकन लागला.

त्याला समजायला वेळ लागला नाही, आणि न समजतं तर बरं, असं त्याला वाटलं. खांबावर तारा बदलल्या होत्या. कालची करंटची बाजू आता न्यूट्रल झाली होती आणि न्यूट्रलची करंट. लाइनमनचं त्यात काही चुकलं नव्हतं. बल्ब, पंखा, मिक्सरला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त हिरालालच्या डब्याला. म्हणजे ठिपक्याला काही अर्थच नव्हता! घरचा बोर्ड इतके दिवस सरळ होता, हे नशीब. दुसऱ्या गावच्या बोर्डात वर काय अन् खाली काय, कोण सांगणार?

आणि मग त्याच्या मनात तो दुसरा विचार आला. कॉलेजात आकांक्षा उभी राहून वाजवायची, पायात बूट नाहीतर चप्पल. पण आज भजन होतं. भजनाला कुणी चपला घालून बसतं का? देवाचा फोटो, पुढे समई, सतरंजीवर मांडी घालून सगळे अनवाणी. आणि मांडी घातल्यावर पेडल पायाने कसं दाबणार? पोरगी ते उघड्या हाताने दाबणार. वर रोहण्याच्या मांडवात धूळ बसावी म्हणून सडा टाकलेला असणार, सतरंजी खालून ओली. गिटारच्या तारा तर डब्यालाच जोडलेल्या. डब्यात करंट म्हणजे तारांत करंट, तारांत म्हणजे तिच्या बोटांत.

हिरालालने पिन ओढून बाजूला टाकली. त्याने फोन लावला. आकांक्षाचा फोन बंद. प्रभाकररावांचा बंद. मंडळाचा नियमच होता तो, गावात उतरलं की फोन बंद. रोहण्यात ओळखीचं दुसरं कुणी नाही. मोहिनी चहा घेऊन आत आली आणि त्याचं तोंड पाहून तिच्या हातातला कप हिंदकळला.

"काऊन? काय झालं तुम्हाले?"

"काही नाई. जरा रोहण्याले जाऊन येतो."

"कायले? पोरगी तं येतेच संध्याकाळी."

हिरालालने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण जीभच वळेना. "मोहिनी, म्या डबा चुकीचा बनवला," तो म्हणाला. "पोरगी अनवाणी बसली असंन. तिले करंट लागते वं."

 मोहिनीने कप खाली ठेवला, स्कूटीची चावी त्याच्या हातात कोंबली. "जा. मी फोन लावत राह्यते. जा न लवकर, उभे काऊन राह्यले!"

सेलू ते वर्धा, वर्ध्याहून पुलगाव, पुलगावहून रोहणा. एरवी हिरालालने हा रस्ता एकट्याने स्कूटीवर काटला नसता, कुणी सोन्याचं गाव देतो म्हटलं तरी. वर्धा सोडलं आणि मागून ट्रकचा हॉर्न आला. हिरालाल सडकेवरून हलला नाही. ट्रकवाल्याने शिव्या घातल्या, हेलकावा घेऊन तो पुढे गेला. पुढे कापसाने लादलेली गाडी आडवी तिडवी चाललेली, तिच्या अंगाला घासून हा पुढे काढतो आहे. स्वतःचं त्याला भानच नव्हतं. डोळ्यासमोर एकच गोष्ट. मागे एकदा एका वावराच्या कुंपणाला त्याने रानडुक्कर पाहिलं होतं, करंट सोडलेल्या तारेला चिकटून मेलेलं. तोंड तारेवर, पाय ताठ. तेव्हा लोक म्हणाले होते, करंट धरलं की सोडत नाही. त्या वेळी हिरालाल म्हणाला होता, "सोडते बे, हात झटकता आला पाहिजे." शहाणा! आता ते वाक्य आठवून तो स्कूटीची मूठ आणखी पिळत होता. तारेवर दाबलेली बोटं कशी झटकणार? करंट लागला की मूठ अजूनच आवळते.

सगळ्या देवांना त्याने साकडं घातलं. आणि मागणं तरी काय? पाहुण्यांची भाषणं लांबू दे. सत्काराचे नारळ संपूच देऊ नको. आधीच्या मंडळांना खूप वेळ गाऊ दे. लाइट जाऊ दे रे बाप्पा, साऱ्या रोहण्याची लाइट जाऊ दे! पुलगावला थांबून त्याने मोहिनीला फोन केला. "लागला?" त्याने विचारलं. "नाई," ती म्हणाली. मग ती रडायला लागली तेव्हा त्याने फोन ठेवून दिला.

रोहण्याची पहिली घरं दिसली तेव्हा उन्हं कलती झाली होती. भोंग्यांचा आवाज आधी आला. खंजेऱ्या घुमत होत्या, प्रभाकररावांचा पहाडी गळा चढला होता. आणि त्या सगळ्याच्या मागून, हळू, लांबत जाणारा एक सूर. हिरालालने तो लगेच ओळखला. त्याच्याच डब्याचा सूर होता तो. अख्ख्या जगात दुसरा डबा तसा वाजत नव्हता. म्हणजे डबा चालू होता आणि पोरगी जिवंत होती, आत्ता तरी. तो सूर तुटू नये आणि तो सूर चालूही राहू नये, अशा दोन्ही भीतींनी त्याने स्कूटी अजून पळवली.

मांडवाच्या तोंडाशी त्याने स्कूटी तशीच टाकली, स्टँडही लावला नाही. माणसं दाटीने बसली होती. त्यांच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून वाट काढत तो निघाला. "अबे, दिसत नाई का?" "बस न बाप्पा खाली!" पायाखालची सतरंजी पचपचत होती, सड्याचं पाणी वर आलं होतं. स्टेजवर देवाचा फोटो, झेंडूचे हार, समई. मंडळ मांडी घालून बसलेलं. कडेला आकांक्षा, पिवळा दुपट्टा, मांडीवर गिटार, पुढ्यात स्टीलचा डबा. शेजारी बांबूला बोर्ड टांगलेला होता, तोही आडवा. पिनेचा लाल ठिपका ना वर होता, ना खाली, बाजूला होता.

भजन संपलं. शेवटचा सूर तिने तसाच धरून ठेवला, लांब, लांब, आणि सारा मांडव टाळ्यांनी फुटला. प्रभाकरराव भारावून उठले. गळ्यातला हार काढत, ओल्या सतरंजीवरून अनवाणी चालत ते तिच्याकडे आले. डावा हात तिच्या खांद्याकडे, उजवा आशीर्वादाला डोक्याकडे. तिची बोटं अजून तारांवरच होती.

"हात लावू नोका!" हिरालाल ओरडला. आपल्याला एवढा आवाज आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. "कोणी हात लावू नोका तिले!"

प्रभाकरराव दचकून थबकले, हात हवेतच. हिरालाल स्टेजवर चढला, समईला लाथ लागता लागता राहिली, आणि त्याने दोन्ही हातांनी पिन उपसून काढली. फट् आवाज होऊन गिटार गप्प झाली. मग मांडवात एकच गलका उठला. "चपला! अहो, चपला! देवापुढे चपला!" हिरालालने खाली पाहिलं. खरंच, तो देवाच्या फोटोसमोर चपलांसकट उभा होता. त्याने चपला काढल्या नाहीत. गुडघ्यावर बसला आणि पोरीचे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहायला लागला.

"बाबा? तुम्ही कसे आले? काय झालं?"

 हिरालालने खिशातला टेस्टर काढला, सगळ्यांना दूर सारलं, पिन होती तशीच आडवी परत लावली आणि टेस्टर डब्याला टेकवला. दिवा लागला. गिटारच्या तारेला टेकवला. तिथेही लागला, लालभडक. प्रभाकरराव आपल्या ओल्या पावलांकडे आणि मग आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हिरालालने पुन्हा पिन काढली.

आणि तेव्हा त्याला दिसलं, आकांक्षा कशावर बसली होती ते. फुलाफुलांचं काळं रबरी पायपुसणं. एक कोपरा कुरतडलेला.

बाहेर, जीपच्या आडोशाला त्याने विचारलं. "हे आपल्या दुकानातलं हाय न?"

"होव."

"काऊन आणलं?"

आकांक्षा वायर गुंडाळत होती. "यावर बसलं का मुंग्या येत नाई," ती म्हणाली. "अन् बटण चिपळीनं दाबते मी. लाकडाले नाई लागत."

"कवापासून येते मुंग्या?"

"तुम्ही वायर लावली तवापासून. सगळीकडे नाई येत. कॉलेजात येते, चपला काढल्या का. एकदा तं हात झटकला गेलता, कोपरापर्यंत." तिने ते असं सांगितलं, जसं एखाद्याने बूट चावतो म्हणून सांगावं. "मले वाटलं रबर असलं का काही होत नाई. कोणी दुसऱ्यानं हात लावला तं काय, हे नाई आलं ध्यानात."

"मले काऊन नाई सांगतलं, बेटा?" हिरालालचा आवाज फाटला. "तुह्या बापाले काऊन नाई सांगतलं?"

 तिने वायरचा वेढा पुरा केला, गाठ मारली.

"तुम्ही सगळ्याले भेता, बाबा," ती म्हणाली. "ट्रकले, कुत्र्याले, सगळ्याले. ह्या एकाच गोष्टीले नाई भेत. मागच्या खोलीत बसले का तुम्ही किती येगळे दिसता. मले वाटलं, सांगतलं तं तुम्ही हेही सोडान."

हिरालाल तिथेच, रोहण्याच्या धुळीत, मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आकांक्षाला काय करावं ते कळेना. शेवटी तिने पायपुसणं पसरलं आणि त्याच्या शेजारी बसली.

हिरालालने डबे बनवणं सोडलं नाही. ऋतिकचा डबा आणि तशाच जोडणीचे बाकीचे डबे त्याने गावोगाव फिरून स्वतः परत आणले, वायरी कापून टाकल्या. आता त्याचा प्रत्येक डबा बॅटरीवर चालतो, दुसरं काही लावायचं नाही म्हणजे नाही. पण द्यायच्या आधी तो एक गोष्ट करतो. मागच्या खोलीच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओततो, चपला काढून त्यात उभा राहतो आणि डबा हातात घेतो. त्या नऊ व्होल्टच्या बॅटरीने कुणाचं काही होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी डोळे मिटलेले असतात आणि ओठ हलत असतात. मोहिनी दारात उभी असते. आकांक्षा गिटार घेऊन वाट पाहत बसते. पायपुसणं अजून तिच्याच खाली असतं.

"द्या आता, बाबा," ती म्हणते.

"थांब," हिरालाल म्हणतो. "अजून एकदा पाहू दे."